सूटपत्र

आमच्या देगलूरकडच्या माणसाला हैदराबाद कधी परगाव वाटले नाही. मुंबई वाटते, पुणेसुद्धा वाटते, हैदराबाद नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या संस्थानात होतो आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. वडिलांच्या पिढीची पहिली अक्षरओळख उर्दूतून झाली. कोर्टकचेरीचे शब्द आमच्या तोंडी अजून तेच आहेत : अर्ज, तारीख, पेशी, वकालतनामा, फारकत. देगलूरहून निघालेली बस मदनूर, पिटलम, संगारेड्डी करीत हैदराबादेत शिरते, तेव्हा आपण राज्याची सीमा ओलांडून आलो आहोत हे फक्त दुकानांच्या पाट्यांवरून कळते. मोठा डॉक्टर गाठायचा तर हैदराबाद, लग्नाचा बस्ता बांधायचा तर हैदराबाद. माझे लग्नही तिथेच ठरले, आणि सव्वीस वर्षांनी ते संपले तेही तिथेच.

संपले म्हणजे काही भांडणतंटा झाला, असे नाही. पत्नी हैदराबादच्या मराठी घरातली, बँकेत नोकरीला. मी आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, एका तालुक्याच्या गावी. सुरुवातीला तिने बदली मागितली, ती मिळाली नाही. मग तिची आई थकली, मग मुलीचे शिक्षण आले, मग मुलगी पुण्याला नोकरीला लागली. प्रत्येक वेळी कारण खरे होते. सुटीत भेटणे, मग सणाला भेटणे, मग कार्यापुरते भेटणे असे होत होत एके दिवशी दोघांच्याही लक्षात आले की आपल्याला एकमेकांना सांगण्यासारखे काही उरलेले नाही. विहीर आटते तेव्हा आवाज होत नाही. दोर लांब लांब सोडावा लागतो एवढेच.

शेवटी तिनेच तो विषय काढला. परस्पर संमतीने वेगळे होण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. तिच्यात एक अट अशी, की अर्ज दिल्यावर निदान सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर येऊन तीच गोष्ट परत सांगायची. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर हे सहा महिने माफही होऊ शकतात. वकिलांनी विचारले, माफीचा अर्ज करायचा का? आम्ही दोघेही नाही म्हणालो. सव्वीस वर्षांपुढे सहा महिने ते काय!

त्या सहा महिन्यांत मी चार-पाच वेळा हैदराबादला गेलो. कधी कागदपत्रांसाठी, कधी सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. त्यांना आम्ही अजून काही सांगितले नव्हते. ‘जावईबापू, जेवून जा,’ असे त्या म्हणत आणि मी जेवून जाई. पण ते घर आता आपले नाही हे ठाऊक असताना जेवणानंतर तिथे रेंगाळणे जड जाई. मग मी उठे आणि कोठीवरून चालत आबिड्सला येई.

आबिड्सचा रविवार ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याबद्दल वेगळे सांगायला नको. एरवी माणसांनी आणि वाहनांनी तुंबलेला तो रस्ता त्या दिवशी बराचसा मोकळा असतो. दुकानांची शटरे खाली ओढलेली आणि त्यांच्यासमोर फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग. इंजिनिअरिंगची गाइडे, तेलुगू कादंबऱ्या, उर्दू दिवाण, वैद्यकाची जाडजूड इंग्रजी पुस्तके, कुणा दिवंगत प्राध्यापकाच्या कपाटातून निघालेला एखादा संच. तिथे तास-दोन तास उकिडवे बसले तरी कोणी उठवत नाही. पन्नाशीच्या पुढच्या एकट्या माणसाला बसायला शहरात अशा जागा फार नसतात.

या आबिड्सच्या नावाची गोष्ट मला आधीपासून अर्धवट ठाऊक होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान, ज्यांची कारकीर्द १८६९ ते १९११, यांचा एक खास सेवक होता अल्बर्ट अबिद. तो आर्मेनियन ज्यू, असे हैदराबादचे जुने लोक सांगतात. त्याने इथे दुकान काढले. ते दुकान गेले, मालक गेला, निजामही गेले. नाव तेवढे राहिले. रोज हजारो माणसे बसच्या दारातून ‘आबिड्स, आबिड्स’ ऐकतात, पण आपण एका ज्यूचे नाव ऐकतो आहोत हे कुणाच्या मनात येत नाही.

त्या नावामुळे म्हणा किंवा योगायोगाने म्हणा, एका रविवारी ढिगातले एक पुस्तक मी हातात घेतले. शर्ली आयझेनबर्ग यांनी भारतातल्या बेने इस्राएल समाजावर लिहिलेले, १९८८ साली मुंबईहून निघालेले जाड इंग्रजी पुस्तक. घासाघीस न करता विकत घेतले आणि परतीच्या बसमध्ये वाचायला लागलो. संगारेड्डी कधी मागे पडले ते कळले नाही.

बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे ते तेल गाळू लागले. गावागावांत पसरले आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर झाले. पोथ्या समुद्रात गेल्या होत्या, हिब्रू विसरली होती. पण शनिवारी घाणा जुंपायचा नाही एवढे मात्र ते विसरले नाहीत. त्यामुळे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची हिब्रू-मराठी पोथी छापली गेली, तिच्या चित्रांतल्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. आणि मला सर्वांत जवळचा वाटलेला माणूस म्हणजे जोसेफ इझिकेल राजपूरकर. मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे ते बरीच वर्षे मुख्याध्यापक होते आणि शाळा सांभाळून त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. शाळेच्या वेळापत्रकात आणि तपासणीत बुडालेल्या माणसाला रात्री दिवा लावून दुसऱ्या भाषेतल्या देवाशी बोलावेसे वाटते, हे मला समजू शकत होते.

पुस्तकामागून पुस्तक आले. जुना करार माझ्याकडे मराठीत होताच. तो नव्याने वाचला. मी मराठी घेऊन एम.ए. केलेला माणूस, ज्ञानेश्वरी शिकवणारा. देवाची मला उणीव नव्हती. मग या धर्मात मला नेमके काय सापडले? एक तर त्यांचा वाद जपण्याचा स्वभाव. तालमूदच्या पानावर मध्ये मूळ वचन आणि भोवती टीका. ज्याचे मत मान्य झाले नाही त्याचेही मत पुसलेले नाही. पतीने पत्नीला कोणत्या कारणासाठी सोडावे, यावर हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या शाळांचे मत अगदी उलट. एक म्हणते व्यभिचाराखेरीज नाही, दुसरी म्हणते स्वयंपाक बिघडवला तरी पुरे. दोन्ही मते दोन हजार वर्षे शेजारी शेजारी उभी आहेत, आणि असा मतभेद असूनही त्या दोन शाळांच्या घराण्यांत लग्ने होत राहिली अशी नोंद आहे. माझ्या घरात दोन मते असण्याचाही प्रसंग राहिला नव्हता. वाद घालायला माणूस लागतो, हे मला त्या पानांनी शिकवले.

दुसरा त्यांचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळताना घरातल्या बाईने दिवे लावायचे आणि शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत काम थांबवायचे. माझ्या घरी दिवेलागणीला दिवा लावणारे कोणी नव्हते. एका शुक्रवारी मीच देवघरातली दोन निरांजने पेटवली, फोन बंद करून फडताळात ठेवला, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला आणि नुसता बसलो. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे पुरा शब्बाथ मुख्याध्यापकाला पाळता येणे कठीण. पण ती संध्याकाळ पाळता येते. पहिल्या शुक्रवारी घर खायला उठले. चौथ्या-पाचव्या शुक्रवारी ते नुसते शांत होते. एकटेपणालाही वेळ नेमून दिली की तो थोडा शिस्तीत वागतो.

गावात गोष्ट लपत नाही. शेजाऱ्यांनी शुक्रवारचे दिवे पाहिले, शिक्षकांनी टेबलावरची पुस्तके पाहिली. ‘सर धर्म बदलणार आहेत, म्हणून वहिनी सोडून चालल्या,’ असा पाठ तयार झाला. मुलीने पुण्याहून फोन केला, ‘बाबा, खरं काय ते मला सांगा. तुम्ही ज्यू होणार आहात का?’ मी म्हणालो, ‘वाचतो आहे.’ ती म्हणाली, ‘आईला काय सांगू?’ म्हटले, ‘हेच सांग.’

एका ओळखीच्या वकिलांनी तर मला वेगळाच मार्ग सुचवला. हिंदू विवाह कायद्यानुसार नवऱ्याने वा बायकोने धर्मांतर करून हिंदू असणे सोडले, तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. ते म्हणाले, ‘सर, होणारच असाल तर आधी व्हा. मग बाईंना एकतर्फी अर्ज करता येईल. कारण तयार मिळेल.’ कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होते. पण मला तो विचार टोचला. ज्या कागदावर आतापर्यंत कुणाचा दोष लिहिलेला नव्हता, त्यावर देवाच्या नावाने एक दोष लिहिला गेला असता. आणि ज्या धर्माकडे मी ओढलो गेलो होतो, त्याच्यात शिरण्याचे माझे पहिले पाऊल न्यायालयातल्या पुराव्यासाठी पडले असते. मी नाही म्हणालो.

मात्र त्या बोलण्याने मी शब्दांच्या मागे लागलो. मराठीच्या शिक्षकाची ही खोड. आपल्याकडे लग्न मोडण्याला जे शब्द आहेत ते पाहा. ‘घटस्फोट’ हा आज सभ्य मानला जाणारा शब्द. पण धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतिताला बहिष्कृत करण्याचा विधी. माणूस जिवंत असताना त्याच्या नावाने पाण्याचा घट दासीने पायाने लवंडायचा आणि नातलगांनी तो मेला असे समजायचे. तोच शब्द आपण नवरा-बायकोच्या वेगळे होण्याला लावला. ‘काडीमोड’ हा गावगाड्यातला शब्द : पंचांसमोर काडी मोडली, नाते मोडले. ‘फारकत’ आली फारसीकडून, मूळ अर्थ हिशेब चुकता झाल्याची पावती. ‘सोडचिठ्ठी’त चिठ्ठी आहे, पण सोडणारा नेहमी पुरुष. कौटिल्याने मात्र परस्परांविषयी तिटकारा आलेल्या पतिपत्नींच्या सुटकेला ‘मोक्ष’ म्हटले आहे. अर्थात धर्म्य मानलेल्या विवाहांना त्याने ती सवलत दिली नाही. बहिष्कार, मोडतोड, हिशेब आणि हाकलणे! आमच्या सहा महिन्यांना यातला एकही शब्द नीट बसत नव्हता.

मराठी बायबलमध्ये एक शब्द आहे : ‘सूटपत्र’. ज्यूंच्या परंपरेत या पत्राला ‘गेट’ म्हणतात. आपल्या फाटकाशी त्याचा संबंध नाही. हे पत्र छापील नमुन्यात नावे भरून चालत नाही. त्या पुरुषाकडून, त्या स्त्रीसाठी, लेखनिकाने ते हाताने लिहायचे असते. ओळी बारा. दोन साक्षीदार. त्यात दोघांची नावे, लोक ज्या नावाने हाक मारतात तीही, आणि गावाचे नाव लिहिताना ते गाव कोणत्या नदीकाठी, कोणत्या पाण्यावर वसले आहे तेही. पती ते पत्र पत्नीच्या ओंजळीत ठेवतो. ती ते घेऊन काही पावले चालते, म्हणजे ते तिचे झाले. मग रब्बी त्या पत्राला छेद देऊन ते जपून ठेवतात. आणि मला थक्क करणारी गोष्ट अशी, की त्या बारा ओळींत कारण नसते. कोण चुकले, कोण वाईट, कोणी कोणाला छळले, काही नाही. सार एवढेच की तू आता मोकळी आहेस.

हे सगळे सोन्याचे आहे असे मी मानत नाही. पत्र देणारा पुरुषच. अकराव्या शतकाच्या सुमारास रब्बी गेर्शोम यांच्या नावाने नियम आला आणि पत्नीच्या संमतीवाचून गेट देता येईनासे झाले. पण नवऱ्याने द्यायचेच नाकारले तर ती बाई अडकून पडते. अशा स्त्रीला ‘अगुना’, म्हणजे साखळीत बांधलेली, असे म्हणतात. इस्राएलमध्ये १९९५ साली अशा अडवणूक करणाऱ्या नवऱ्यांवर बंधने घालणारा कायदा करावा लागला. त्यांचा वाहन परवाना रोखता येतो, त्यांना कैदेतही टाकता येते. ज्या कागदाने सुटका व्हायची तोच कागद हातात धरून ठेवला की बेडी होते.

आणि याच कागदाने आपल्या मराठी ज्यूंना केवढा अपमान सोसायला लावला! स्वतंत्र इस्राएल झाल्यावर हे लोक मोठ्या आशेने तिकडे गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींकडून विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना गेली, की बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शंका काय? तर कोकणात शेकडो वर्षे यांना गेट माहीत नव्हते, मग एखादी बाई नीट सुटका न होता दुसरे लग्न करून बसली असेल, तर तिची संतती धर्माच्या दृष्टीने कलंकित. खरे पाहता शेजारच्या हिंदूंची रीत त्यांनी उचलली होती. विधवेचे दुसरे लग्न होत नसे, नवराबायको वेगळी होणे विरळा. ज्या गोष्टीमुळे पेणच्या नाहीतर रोह्याच्या पंक्तीत त्यांना मान होता, तीच जेरुसलेममध्ये संशयाचे मूळ ठरली. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, प्रकरण संसदेत गेले आणि त्या वर्षी सूचनेतून बेने इस्राएल हे नाव निघाले. शनिवारी घाणा थांबवून ज्यांनी धर्म राखला, त्यांना आपल्या आज्यांच्या लग्नांचा हिशेब द्यावा लागला. धर्मात जन्मलेल्यांची ही कथा, तर दाराबाहेरून येणाऱ्याचे काय?

बाहेरून येणाऱ्यांचीही एक कथा आपल्या शेजारीच आहे. आंध्रात गुंटूर जिल्ह्यात चेब्रोलूजवळ कोत्तारेड्डीपालेम म्हणून गाव आहे. तिथल्या काही मादिगा कुटुंबांनी, जी आधी ख्रिस्ती झाली होती, १९८० नंतरच्या काळात आपण इस्राएलच्या हरवलेल्या वंशातले आहोत असे म्हणत ज्यू आचार धरला. स्वतःला ते बेने एफ्राईम म्हणवतात. त्यांचे छोटे प्रार्थनामंदिर आहे, ते शब्बाथ पाळतात, हिब्रू शिकतात. इस्राएलने त्यांना मान्यता दिलेली नाही. तरी ते पाळतात. जातीच्या उतरंडीत तळाशी ठेवलेल्या माणसांनी स्वतःसाठी नवा इतिहास मागितला, आणि तोही बायकापोरांसह, एकमेकांचा हात धरून. त्यांच्यापुढे माझे वळणे मला फार एकट्याचे वाटले.

मुलीकडे पुण्याला गेलो असता एका वृद्ध बेने इस्राएल गृहस्थांना भेटण्याचा योग आला. निवृत्त सरकारी नोकर, बोलणे अस्सल कुलाब्याचे. त्यांनी चहा दिला, माझे सगळे निमूट ऐकून घेतले. धर्मांतराची पद्धत सांगितली : तीन जाणत्यांचे न्यायमंडळ लागते, सुंता, विधिपूर्वक स्नान, आणि सर्व आज्ञांचा स्वीकार. आमच्यात कोणी यावे म्हणून आम्ही फिरत नाही, उलट आलेल्याला माघारी पाठवायचीच रीत आहे, असेही म्हणाले. परक्याने सत्याने वागायला ज्यू व्हावे लागत नाही, नोहाला सांगितलेले सात नियम त्याला पुरे आहेत. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘मास्तर, एक विचारू? राग मानू नका. तुमच्या मंडळी घरात असत्या, तर तुम्ही आमच्याकडे आला असतात का?’ मी उत्तर दिले नाही. तेच पुढे म्हणाले, ‘घर रिकामं झालं म्हणून देव बदलू नये. देव बदलायचा तर घर भरलेलं असताना बदलावा. आमची रूथ आली, तीही एकटी आली नाही. सासूचा हात धरून आली.’

रूथची गोष्ट मला ठाऊक होती. नवरा मेलेला, आपला मुलूख मवाब, तरी म्हाताऱ्या सासूला सोडून ती माघारी गेली नाही. तिचे लोक ते माझे लोक म्हणाली आणि पुढे दावीद राजाची पणजी झाली. पण त्या गोष्टीतला देव एका माणसाच्या सोबतीतून येतो, हे त्यांनी सांगितले तेव्हा उमगले. बरकतपुऱ्यातल्या सासूबाई आणि त्यांचे ‘जेवून जा’ मला आठवले.

पुढच्या खेपेला आम्ही दोघांनी मिळून त्यांना सगळे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तुमचं तुम्ही जाणा. पण मी तुम्हाला काय म्हणून हाक मारू आता?’ कायद्यात याचे उत्तर नाही. मी म्हटले, ‘जी आजवर मारलीत तीच.’

सहा महिने संपले. न्यायालयात पाच-सात मिनिटांचे काम. नाव, वय, पत्ता, पिनकोड, कोणाचा दबाव नाही ना, सही. बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, ‘अहो, कॉफी घेऊ या?’ आम्ही आबिड्सच्या ताजमहाल हॉटेलात गेलो. लग्न ठरल्यावर तिच्या भावाने आम्हाला तिथेच डोसा खायला नेले होते. त्याची आठवण दोघांनीही काढली नाही.

कॉफी आल्यावर मी खिशातून कागद काढला. आदल्या रात्री लॉजवर बसून लिहिला होता, बारा ओळींचा, मराठीत, बोरूच्या वळणाने. ते गेट नव्हते. तसा विधी करण्याचा अधिकार मला नाही आणि तसा आव मी आणला नाही. लेंडी नदीकाठच्या देगलूरच्या मी, मुसी नदीकाठच्या हैदराबादच्या तुला, असे लिहिले होते. तिला तिच्या माहेरी ज्या नावाने हाक मारतात ते नाव लिहिले होते, आणि आमच्या घरी लग्नात ठेवलेले नावही. ती मोकळी आहे एवढे लिहिले होते. तिने दोन्ही हात पुढे केले नाहीत, तिला ते माहीत नव्हते. उजव्या हाताने कागद घेतला, चष्मा लावला आणि सावकाश वाचला.

‘यात कारण नाही लिहिलं,’ ती म्हणाली.

‘नाही. लिहायचं नसतं.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘कोर्टात मला सारखी भीती वाटत होती, की कोणीतरी का म्हणून विचारेल आणि मला काही सांगता येणार नाही.’ मग तिने कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली, बिल उचलले आणि मला थांबवून स्वतः गल्ल्याकडे चालत गेली. सात-आठ पावले असतील. मी मोजत होतो असे नाही, पण माझ्या लक्षात राहिली.

या गोष्टीला आता दीड वर्ष झाले. मी ज्यू झालेलो नाही. होणार नाही असेही आज लिहून ठेवत नाही. हिब्रूत पश्चात्तापाला जो शब्द आहे, ‘तशुवा’, त्याचा धात्वर्थ परतणे, असे वाचतो. वळलेला माणूस नव्या ठिकाणीच पोचतो असे नाही. सासूबाईंच्या औषधांची यादी अजून माझ्याकडे आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती घेऊन जातो. शाळेत दहावीच्या वर्गाला व्याकरण शिकवताना ‘घटस्फोट’ हा सामासिक शब्द आला तर विग्रह करून पुढे जातो. मुलांना त्यातला घट कोणाचा ते सांगत नाही. त्यांच्यातल्या काहींच्या घरी तो फुटलेला असतो.

आपल्या भाषेने लग्न जुळवण्यासाठी केवढे शब्द जमवले आहेत : वाङ्‌निश्चय, साखरपुडा, सीमांतपूजन, सप्तपदी, सूनमुख. मंगलाष्टकांना पुरोहित आहे, बँड आहे. ते संपते तेव्हा मात्र माणसांच्या हाती पिनकोड असलेला एक छापील कागद येतो आणि गावाच्या तोंडी एक अर्धवट गोष्ट. धर्म कोणताही असो, दोन माणसांना एकमेकांपासून सन्मानाने दूर होता येईल अशा बारा ओळी त्याच्याजवळ असाव्यात. नसतील तर आपण लिहाव्यात, हाताने, नदीचे नाव घालून.

शुक्रवारी दिवेलागणीला मी अजून दोन निरांजने लावतो. परवा शेजारच्या घरातली चौथीतली मुलगी दारात येऊन म्हणाली, ‘आजोबा, दोन का?’ मी म्हटले, ‘बस, सांगतो.’